दोन शब्द

माइक माझ्या हातात जेमतेम चार-पाच सेकंद होता. अकरा वर्षे शेजारच्या टेबलावर बसून ज्यांनी मला कामातले सगळे खाचखळगे शिकवले, त्या काकांच्या निरोप समारंभात ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ असे म्हणत कुणीतरी तो माझ्यापुढे केला. मी तो घेतला, त्याच्या जाळीकडे पाहिले, काहीतरी पुटपुटले आणि हसल्यासारखे करून तो उजवीकडच्या सहकाऱ्याच्या हातात दिला. तो बोलू लागला. कार्यक्रम एक क्षणही अडखळला नाही. बोलण्यासारखे काही नव्हते म्हणावे, तर पर्समध्ये घडी घातलेला कागद होता आणि त्यावर आदल्या रात्री लिहिलेल्या अठरा ओळी होत्या. त्या मी आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिल्या होत्या. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि काकांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली होती, ही गोष्ट त्यातल्या पहिल्या ओळीत होती. ती आम्हा दोघांखेरीज तिथे कुणालाच ठाऊक नव्हती. सांगायची तर ती त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगायला हवी होती, आणि मी ती उजवीकडे सरकवून मोकळी झाले.

मोकळी झाले, हेच पुढे टोचत राहिले. गप्प बसल्याची लाज नंतर, घरी परतताना आली. त्या क्षणी मात्र माइक हातातून सुटल्याबरोबर मला इतके हलके वाटले होते की समोर बसलेल्या काकांकडे मी चक्क प्रसन्न चेहऱ्याने पाहिले. त्या हलकेपणाला काय म्हणावे हे मला बरेच दिवस कळत नव्हते. मग कधीतरी पाब्लो कसाल्स या थोर चेलोवादकाविषयी वाचताना एक प्रसंग सापडला. १९०१ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तो मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला होता. वरून घरंगळत आलेला एक दगड त्याच्या डाव्या हातावर आदळला आणि बोटे रक्तबंबाळ झाली. त्या जखमी हाताकडे पाहून त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की देवाची कृपा, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही. हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. हात बरा झाला, नव्वदी ओलांडल्यावरही तो वाजवत राहिला, आणि मंचावर जाण्याआधीची धास्ती त्याला शेवटपर्यंत सुटली नाही. ज्या गोष्टीवर जीव जडलेला आहे तिच्यापासून सुटका झाल्याचा आनंद माणसाला होऊ शकतो, हे वाचून मला थोडा धीर आला आणि थोडे भयही वाटले. त्याला निदान दगड लागला होता. मला तर कुणी धक्काही दिला नव्हता.

शाळेत असताना एकदा कविता म्हणायला उभी राहिले होते, त्याची आठवण या निमित्ताने पुन्हा वर आली. दोन कडवी नीट झाली आणि तिसऱ्याच्या तोंडाशी सगळे पुसून गेले. पहिल्या रांगेतली एक मुलगी ओठ हलवून मला पुढचे शब्द सांगत होती. ते ओठ मला आजही दिसतात, पण त्यांतून शब्द काही उमटत नव्हते, जणू काचेपलीकडून कुणी बोलत असावे. वर पंखा फिरत होता आणि दर फेरीला कट्ट असा आवाज करत होता. ते कट्ट मी किती मोजले ठाऊक नाही. कुणी हसले नाही, कुणी रागावले नाही, बाईंनी नुसते ‘बस’ म्हटले. त्या प्रसंगाने माझ्या मनावर घाव केला वगैरे मी म्हणणार नाही. तितकी कडवी विसरणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांतली कित्येक पुढे तासन्‌तास बोलतात. मी मात्र त्यानंतर बोलण्याची वेळ आली की आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवू लागले.

मराठीत या अवस्थेचे वर्णन करायचे तर मनाला कुणी फारसे विचारतच नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडकी भरते, पाय लटपटतात, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, दातखीळ बसते आणि शेवटी बोबडी वळते. भाषेने भीतीचा एकेक अवयव नेमून दिलेला आहे आणि तो बहुतेक अचूक आहे. वॉल्टर कॅनन हा हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असताना, १८९७ च्या सुमारास, क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांचे अन्नपचन पाहत होता. त्याला असे दिसले की मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची लयबद्ध हालचाल एकाएकी थांबते. आपल्या पोटातला गोळा म्हणजे बहुधा तेच थांबलेले जठर. संकट आले असे शरीराला वाटले की अॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालू लागते, त्वचेकडचे आणि बोटांकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते, श्वास उथळ होतो. पळून जाण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तमच आहे. अडचण एवढीच, की माइकसमोर पळायचेही नसते आणि झुंजायचेही नसते. तिथे नुसते उभे राहून मऊ आवाजात कृतज्ञता व्यक्त करायची असते.

समोरची माणसे म्हणजे दगडधोंडे आहेत असे समजावे, हा उपदेश मला आयुष्यात अनेकांनी केला आहे. तो मला कधीच पटला नाही. दगडांचे आभार कसे मानायचे?

भीती घालवण्यासाठी मी बासरी शिकायला गेले असे लिहिले तर ते लेखात शोभून दिसेल, पण तसे घडले नाही. भाची महिनाभर शिकून कंटाळली आणि तिची बासरी माझ्या घरी ठेवून गेली. निरोप समारंभानंतर दोनेक महिन्यांनी, आवराआवर करताना ती हाती लागली. मी सहज ओठांना लावली आणि फुंकली. आवाज आला नाही. पुन्हा फुंकली, पुन्हा नाही. दहा मिनिटांत मला भोवळ आल्यासारखे झाले, आणि एवढी साधी दिसणारी पोकळ नळी आपले काडीचेही ऐकत नाही याचा मला भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओठ किंचित आत घेऊन फुंकीचा कोन बदलताना, अचानक एक भरीव, गोल स्वर निघाला. तो जेमतेम दोन सेकंद टिकला. मी इतकी दचकले की बासरी हातातून पडता पडता राहिली. पुढच्या आठवड्यात मी भाचीच्याच सरांकडे नाव घातले. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि सर माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान होते.

वर्गात आम्ही सात जण होतो आणि माझ्याखालोखाल वयाने मोठी मुलगी होती चौदा वर्षांची. शेजारी बसणारा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याचे कान फार तिखट होते. बासरीवर सहा स्वररंध्रे असतात. वरची तीन बंद केली की सा लागतो, पण बोटाचे गादीसारखे पेर रंध्रावर नीट बसले नाही, केसाएवढी फट राहिली, तरी स्वर बेसूर होतो. ‘काकू, तुमचं तिसरं भोक गळतंय,’ तो माझ्याकडे न पाहताच सांगायचा. कार्यालयात माझ्या कामात कुणी इतक्या सरळपणे चूक दाखवली असती तर मी दोन दिवस मनातल्या मनात उत्तरे देत बसले असते. इथे मी अनामिका थोडी पुढे सरकवायची, स्वर ठिकाणावर यायचा, आणि तो मान डोलवून आपल्या बासरीकडे वळायचा. मी चुकते आहे याचे तिथे कुणालाही आश्चर्य वाटत नव्हते. गेल्या वीस वर्षांत मी असे ठिकाण पाहिलेच नव्हते, जिथे माझ्याकडून काहीही अपेक्षित नाही. कार्यालयात मला सगळे येते असा समज आहे, घरी मी खंबीर आहे असा समज आहे, आणि हे दोन्ही समज सांभाळता सांभाळता, एखादे वाक्य चुकीचे पडेल या धास्तीने, मी बोलणेच कमी करत आणले होते. वर्गात माझा कसलाच लौकिक नव्हता, त्यामुळे तो जाण्याचीही चिंता नव्हती. चटईवर मांडी घालून, ओठ पुढे काढून, फुस्सफुस्स करणारी एक काकू, इतकीच माझी ओळख होती आणि ती मला फार आवडू लागली होती.

गांधीजींच्या संकोचाविषयी सगळ्यांनीच वाचलेले असते. लंडनला शिकत असताना तिथल्या शाकाहारी मंडळात त्यांनी लिहून आणलेले भाषणही त्यांच्याने वाचवेना आणि दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले तर डोके गरगरू लागले, एक प्रश्न सुचेना, शेवटी फी परत करून ते बाहेर पडले. माझे लक्ष हल्ली त्यानंतरच्या पायरीकडे जाते. १८९३ साली प्रिटोरियात पोहोचल्यावर लवकरच त्यांनी तिथल्या भारतीय लोकांची सभा बोलावली आणि व्यापारातल्या सचोटीवर ते बोलले. आयुष्यातले आपले पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचाच उल्लेख केला आहे. लंडनमध्ये आणि मुंबईत न जमलेले तिथे कसे जमले? विषय जिव्हाळ्याचा होता, हे तर आहेच. पण मला असेही वाटते की त्या गावात फी परत करणारा तरुण वकील कुणी पाहिलेला नव्हता. थोरामोठ्यांच्या आयुष्यातून आपल्या सोयीचे अर्थ काढू नयेत हे मला कळते, तरी बासरीच्या वर्गाला जाताना हा अर्थ मी अनेकदा काढला आहे.

मग अकराव्या महिन्यात सरांनी सांगितले की विद्यार्थ्यांचे वादन ठेवले आहे, प्रत्येकाने पाच मिनिटे वाजवायचे, पालक आणि ओळखीची मंडळी मिळून चाळीसेक माणसे येतील. माझा क्रमांक सातवा होता. पोटातला गोळा त्याच क्षणी हजर झाला, जणू इतके महिने तो दाराबाहेरच बसून होता. मला भूप वाजवायचा होता. शिकणाऱ्याला सुरुवातीला जे राग देतात त्यांपैकी एक, सा रे ग प ध एवढ्या पाच स्वरांचा. ऐकायला तो शांत आणि सरळ आहे, पण बासरीवर त्यात एक खाच आहे. ग वाजवताना फक्त पहिले रंध्र झाकलेले असते आणि लगेच पुढच्या प ला सहाही झाकावी लागतात, म्हणजे पाच बोटे एकाच वेळी, एकाच वजनाने खाली यायला हवीत. त्यातून फुंक जरा चढी हवी, नाहीतर त्याच बोटांनी वरचा प न वाजता खालच्या सप्तकातला प वाजतो. घरी ही उडी मला दहातून नऊ वेळा साधत होती. दहाव्या वेळेचा विचार करत मी आठवडाभर झोपत होते.

वादनाच्या दिवशी मी विंगेत बसून बोटे काखेत घालून ऊब देत होते. ओठ कोरडे पडले होते, आणि बासरी वाजवणाऱ्याला कोरडे ओठ म्हणजे काय हे बोलणाऱ्याला कळणार नाही. शब्द तरी कसाबसा निघतो, फुंक मात्र फाटून जाते. नऊ वर्षांचा माझा शेजारी पाचव्या क्रमांकावर वाजवून आला, त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि मला म्हणाला, ‘काकू, तिथे गरम होतं खूप.’ बस, एवढेच. घाबरू नका असे सर म्हणतील आणि मी आणखी घाबरेन, अशी मला धास्ती होती. पण ते जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘ताई, आधी श्वास सोडा. पूर्ण सोडा. घ्यायची घाई करू नका, तो आपोआप येतो.’ मी सोडला. पोट आत गेले, खांदे खाली आले, आणि इतका वेळ मी हवा नुसती कोंडून बसले होते हे ध्यानात आले. दुसऱ्यांदा सोडला, तिसऱ्यांदा सोडला. धडधड थांबली नाही. ती जरा मागे सरून बसली.

आलाप बरा झाला असावा. मला तो आठवत नाही. ताल सुरू झाला, पहिले आवर्तन गेले, आणि दुसऱ्यात सा, रे, ग करत मी वर चढले, पाच बोटे खाली आणली, आणि नेमकी तिथेच फुंक डगमगली. वरच्या प च्या जागी खालचा, खर्जातला प वाजला. खोल आणि घुमणारा. माझ्या कानात जुन्या पंख्याचे कट्ट वाजले. पण बोटे रियाजाने ठरलेल्या वाटेवर होती, ती ध वर गेली, मग सा वर, आणि बोटे तीच असल्यामुळे तोही सगळा तुकडा एक सप्तक खाली उतरून वाजला. ध वरून सा ला येताना मी सहज समोर पाहिले. दुसऱ्या रांगेतल्या एका बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला पुढे वाजवता आले याचे कारण विचाराल तर ते धैर्य नव्हते. थांबायचे कसे हे मला कुणी शिकवले नव्हते, एवढेच.

खाली उतरल्यावर सरांनी विचारले, ‘तो मंद्र पंचम मुद्दाम घेतलात का? भूपात छान दिसतं ते.’ मी खरे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, की पुढच्या वेळी मुद्दाम घ्या. नंतर त्या डोळे मिटून बसलेल्या बाईही भेटल्या. खालचे सूर फार आवडले म्हणाल्या. २००० साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रातला एक प्रयोग मला तेव्हा आठवला. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले होते. किती जणांच्या हे लक्षात आले असेल असे विचारल्यावर त्यांचा अंदाज निम्म्यांच्या आसपास होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले होते. आपल्याला वाटते त्याच्या साधारण निम्मेच लोक आपल्याकडे पाहत असतात. हे वाचले तेव्हा मला त्यात निखळ दिलासा दिसला होता. त्या संध्याकाळी घरी परतताना मात्र दिलाशाला एक दुसरी कडही आहे असे वाटू लागले, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात अजून तसाच पडून असलेला कागद मला आठवला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला.

इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी म्हटले, की काका, त्या दिवशी मी बोलले नाही, माझ्या मनाला ते फार लागून राहिले आहे. ‘कुठल्या दिवशी?’ त्यांनी विचारले. मी आठवण करून दिली. ते मोठ्याने हसले. ‘अगं, त्या दिवशी कोण काय बोललं ते मला विचारू नकोस. शेवटी उत्तर मलाच द्यायचं होतं ना, सगळा वेळ मी खिशातला कागद चाचपत बसलो होतो.’ म्हणजे ज्या माणसाच्या नजरेला नजर देण्याची मला वर्षभर लाज वाटत होती, तो माणूसही त्या वेळी माझ्यासारखाच भेदरून बसला होता. मी हसले, ते हसले. मला बरे वाटले आणि, कबूल करायला हरकत नाही, थोडे वाईटही वाटले. आपले गप्प राहणे कुणाच्याच लक्षात आले नाही, हे ऐकायला वाटते तितके सुखाचे नसते. मग मी म्हटले, की लिहून आणले होते ते आता वाचून दाखवू का? त्यांनी होकार दिला. घरात कुणी नव्हते, श्रोता एक, तोही दिसत नव्हता, तरी चौथ्या ओळीला माझा आवाज कापला. थांबले, श्वास सोडला आणि पुढे वाचले.

अठरा ओळी संपल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, की ती चूक वगैरे त्यांना आता अजिबात आठवत नाही. आणि थोडे थांबून, जरा हळू आवाजात, ‘तेव्हा बोलली असतीस तर बरं झालं असतं गं. घरची सगळी समोर होती.’

यावर मला काही बोलता आले नाही. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आत कुठेतरी रुतून बसले. मी वर्षभर हिशोब करत होते तो सगळा माझ्या बाजूचा होता. मी कशी दिसले, माझे कसे हसे झाले असेल, काकांना माझ्याविषयी काय वाटले असेल. त्या खोलीत दुसऱ्या रांगेत त्यांची पत्नी आणि दोन्ही मुले बसली होती, हे मी पाहिलेसुद्धा होते. आपल्या वडिलांनी एका नवख्या मुलीची चूक स्वतःच्या नावावर घेतली होती, हे त्यांना त्या दिवशी कळले असते. आता फोनवर मी ते काकांनाच सांगितले होते, म्हणजे ज्याला सांगायची गरज सर्वांत कमी त्याला.

संकोच हळूहळू कमी होण्याला आपल्याकडे भीड चेपणे म्हणतात. मला हे क्रियापद आवडते, कारण त्यात भीड उपटून टाकल्याचा आव नाही. आपण पाय चेपतो, उशी चेपतो. चेपलेली उशी उशीच असते, जागा मात्र कमी घेते. वादनानंतरच्या आठवड्यात कार्यालयातल्या एका बैठकीत मला अचानक मत विचारले गेले आणि माझी जीभ पूर्वीइतकीच टाळ्याला चिकटली. बासरीने शिकवलेले जसेच्या तसे बोलण्यात उतरेल अशी जी आशा होती, ती तिथेच विरली. फरक पडला तो एवढाच, की मी आधी श्वास सोडला, वाक्य अर्धवट झाले, शेवटचा शब्द गिळला गेला, आणि बैठक पुढे गेली. माझ्या त्या अर्धवट वाक्याचे कुणी काय केले, ते मी विचारायला गेले नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याकडच्या आणखी एक जण निवृत्त होत आहेत. बोलू इच्छिणाऱ्यांची यादी टेबलाटेबलांवरून फिरत आली तेव्हा मी त्यावर नाव लिहिले. तिसऱ्या क्रमांकावर, पेन्सिलीने नव्हे, पेनाने. त्यांच्या घरून कोण कोण येणार आहे याची मी चौकशीही करून ठेवली आहे. तेव्हापासून पोटातला गोळा मुक्कामाला आहे आणि सकाळी रियाजाला बसताना बोटे गार असतात. हातावर हात चोळून मी बासरी उचलते, वरची तीन रंध्रे झाकते आणि श्वास पूर्ण सोडून मग फुंकते. पहिल्या फुंकीला अजूनही कधीकधी नुसती हवाच निघते.